खांद्याला पेलेल तें काडतूस

बंदुकीची गोळी पुढें जाते त्याच क्षणीं बंदूक मागें येते. न्यूटनचा गतिविषयक तिसरा नियम शाळेंत शिकवितांना बहुधा हेंच उदाहरण देतात, आणि मुलेंही तें पाठ करून मोकळीं होतात. परंतु हा नियम ज्याच्या खांद्याला एकदां कळला त्याला तो जन्मभर विसरतां येत नाहीं. रायफलीचा दस्ता खांद्यावर आदळतो, गालाला झिणझिण्या येतात, कानठळ्या बसतात. आणि पुढच्या खेपेस चाप ओढण्यापूर्वींच डोळे आपोआप मिटूं लागतात. नेम हुकतो तो येथें. हुकलेला नेम पुठ्ठ्याच्या निशाणावर असेल तर फारसें कांहीं बिघडत नाहीं; समोर जिवंत हरिण असेल तर मात्र त्या अर्ध्या क्षणाची किंमत त्या मुक्या जनावराला मोजावी लागते. म्हणून हरणाच्या शिकारीसाठीं काडतूस निवडतांना, तें किती जोरानें मारतें या प्रश्नाइतकाच तें मारणाऱ्याला कितपत सोसतें हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. भारतांत १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यांत १९९१ सालीं झालेल्या दुरुस्तीनें छंद म्हणून होणारी शिकार बंद झाली आहे. चितळ, सांबर, काळवीट, भेकर यांच्यावर बंदूक रोखणें हा येथें गुन्हा आहे, आणि तसें असणें योग्यच आहे. पुढील विवेचन आहे तें मुख्यतः स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाविषयीं. कारण तेथें हरणांची संख्या आटोक्यांत ठेवणें हें शिकाऱ्याचें कामच होऊन बसलें आहे. त्या बेटावरील लांडगा माणसानें कित्येक पिढ्यांपूर्वीं नाहींसा केला. हरणांना नैसर्गिक शत्रु उरला नाहीं. तीं वाढलीं, कोंवळीं रोपें खुडूं लागलीं, आणि जुन्या अरण्यांत नवें झाड उभें राहणें अवघड झालें. आज तेथें दरवर्षीं लाखाच्या आसपास हरणें मारावीं लागतात. लांडग्याची जागा माणसानें घेतली खरी, पण त्याबरोबर एक जबाबदारीही त्याच्यावर आली: मारावयाचें तर एका गोळींत, आणि यातना न होऊं देतां.

तेथील मुख्य हरिण म्हणजे रेड डिअर. काश्मीरच्या हंगुलाचा तो जवळचा नातलग. ब्रिटनमधील पूर्ण वाढलेला नर नव्वद किलोंपासून पुढें कितीही भरतो. मादी त्याहून बरीच हलकी. दुसरें एक लहान हरिण आहे, रो नांवाचें. तें पंचवीस किलोंच्या पलीकडे क्वचितच जातें. या हरणांचा माग काढण्याची रीत मोठी कष्टाची असते. स्टॉकर म्हणून ओळखला जाणारा अनुभवी वाटाड्या पुढें आणि नेमबाज त्याच्या मागें, असे दोघे वाऱ्याची दिशा संभाळीत ओल्या दलदलींतून आणि काटक्याकुटक्यांच्या झुडुपांतून पोटावर सरकत जातात. तीनचार तासांच्या अशा खटपटीनंतर शेंदीडशें यार्डांवर हरिण दिसतें. थंडीनें बोटें बधिर झालेलीं असतात, छाती धडधडत असते, आणि हातीं संधि असते ती एकाच गोळीची.

ती गोळी कोठें लागावी? पुढच्या पायाच्या मागें, छातीच्या पोकळींत, जेथें हृदय आणि फुप्फुसें असतात. ही जागा जेवणाच्या लहानशा ताटलीएवढी असते. तेथें गोळी बसली कीं हरिण कांहीं पावलें धांवतें आणि कोसळतें. तीच गोळी वीतभर मागें पोटांत लागली तर तें जखमी होऊन निघून जातें आणि कोठेंतरी दरींत तासन्‌तास तळमळत पडतें. पायाला लागली तर त्याहूनही वाईट. अशा वेळीं कुत्रा सोडून, रक्ताचे थेंब शोधीत, अंधार पडेपर्यंत त्याचा माग काढणें हें शिकाऱ्याचें कर्तव्य मानतात. परंतु प्रत्येक वेळीं हरिण सांपडतेंच असें नाहीं. काडतुसाच्या निवडीचा सारा विचार या वीतभर अंतराभोंवतीं फिरतो.

आतां काडतूस म्हणजे काय तें थोडें पाहिलें पाहिजे. हा शब्द मराठींत पोर्तुगिजांकडून आला आणि इतका रुळला कीं तो परका वाटत नाहीं. पितळेच्या एका नळकांड्याच्या बुडाशीं ठिणगी देणारी टोपी, पोटांत बिनधुराची दारू आणि तोंडाशीं घट्ट बसविलेली गोळी, अशी त्याची रचना. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं निघाला; तेथें तयार झालेलीं .३०३ चीं काडतुसें पुढें सैन्यांत घरोघरच्या काडेपेटीसारखीं परिचयाचीं झालीं. हा जो .३०३ आंकडा, तो नळीच्या व्यासाचा. म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ३०३. काडतुसांचीं इंग्रजी नांवें बहुधा अशींच व्यासावरून पडलेलीं असतात. युरोप खंडांत मात्र मिलिमीटरांत व्यास आणि त्यापुढें नळकांड्याची लांबी सांगण्याची चाल आहे. सात गुणिले सत्तावन हें त्याचें उदाहरण.

गोळीचें वजन सांगण्याची पद्धतही जुनी आहे. तें ग्रेनमध्यें सांगतात. एका पौंडांत ७००० ग्रेन. ज्यांच्या घरीं अजून जुनीं वजनें असतील त्यांना हा हिशेब सोपा जाईल, कारण सोनाराचा तोळा बरोबर १८० ग्रेनांचा आणि मासा १५ ग्रेनांचा. तेव्हां १८० ग्रेनांची गोळी म्हणजे अगदीं तोळाभर शिसें-तांबें, आणि १०० ग्रेनांची म्हणजे सुमारें पावणेसात मासे. जड आणि हलकी गोळी या शब्दांमागें फरक आहे तो एवढाच. पण खांद्याला तो किती जाणवतो हें पुढील गणितावरून दिसेल.

रायफल मागें येते ती दोन कारणांनीं. एक, गोळी वेगानें पुढें जाते म्हणून. आणि दुसरें, जळलेल्या दारूचा वायु तिच्यामागून त्याहूनही अधिक वेगानें बाहेर फेंकला जातो म्हणून. या दोहोंचा मिळून जो संवेग होतो, तेवढाच संवेग रायफलीला उलट दिशेनें मिळतो. धक्क्याची शक्ति फूट-पौंडांत मोजतात; एक पौंडाचें ओझें एक फूट उचलण्यास जें काम पडतें तो एक फूट-पौंड. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं रायफल तीच असतां संवेग दीडपट झाला तर धक्क्याची शक्ति दीडपट होत नाहीं, ती वर्गाच्या प्रमाणांत वाढून सवादोनपट होते. उलटपक्षीं, काडतूस तेंच ठेवून रायफलीचें वजन वाढविलें तर धक्का त्याच प्रमाणांत उतरतो.

आठ पौंड वजनाची रायफल धरून कांहीं काडतुसांचा हिशेब केला तर तो साधारणतः असा येतो. .२४३ विंचेस्टर, गोळी १०० ग्रेनांची, वेग सेकंदाला २९६० फूट, म्हणजे एका सेकंदांत अर्ध्या मैलाहून अधिक. धक्का साडेनऊ फूट-पौंडांच्या आसपास. स्वीडिश साडेसहा मिलिमीटरचें काडतूस १४० ग्रेनांच्या गोळीसह तेरा फूट-पौंडांच्या जवळ, आणि सात मिलिमीटरचें माउझर काडतूस तेवढ्याच वजनाच्या गोळीसह तेरांच्या किंचित् वर. .३०८ विंचेस्टर, १५० ग्रेनांच्या गोळीसह, सोळा. अमेरिकन सैन्याचें १९०६ सालचें जुनें .३०-०६, तोळाभर गोळीसह, एकवीस-बावीस. आणि १९६३ सालीं निघालेलें .३०० विंचेस्टर मॅग्नम तीस. म्हणजे .२४३ आणि .३०-०६ या दोहोंच्या संवेगांत फरक दीडपटीचा, पण खांद्यावर पडणारा भार दुपटीहून अधिक. आणि मॅग्नमचा तर तिपटीहूनही वर. दारूची भर थोडी कमीअधिक झाली कीं हे आंकडे थोडे हलतात, परंतु त्यांचा क्रम बदलत नाहीं.

आतां खांदा पिळदार असला म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. हा समज चुकीचा आहे. धक्क्यानें हाड मोडत नाहीं किंवा सहसा इजाही होत नाहीं. बिघडतें तें मन. मोठा आवाज आणि अचानक बसणारा तडाखा यांना शरीर एकदोन अनुभवांतच ओळखूं लागतें, आणि माणसाच्या संमतीवांचून त्याला तोंड देण्याची तयारी करतें. चाप दबत असतांनाच खांदा पुढें रेटला जातो, मूठ आवळते, पापणी मिटते. यालाच नेमबाज बिचकणें म्हणतात. धिप्पाड पहिलवानही बिचकतो आणि सडपातळ मुलगी बिचकत नाहीं, असें निशाणाच्या मैदानावर नेहमीं पाहावयास मिळतें. गंमत अशी कीं बिचकणाऱ्याला स्वतःला तें उमगत नाहीं. स्फोटाच्या गडबडींत सारें झांकून जातें. तो दोष देतो दुर्बिणीला, वाऱ्याला किंवा काडतुसाच्या कारखान्याला.

हा दोष उघडकीस आणण्याची एक जुनी युक्ति शिक्षक वापरतात. भरलेल्या काडतुसांत दारू नसलेलें एखादें पोकळ काडतूस नेमबाजाला न सांगतां मिसळून ठेवतात. त्याची पाळी आली कीं चाप ओढला जातो, नुसता खट्ट असा आवाज होतो, आणि स्फोट झालेला नसतांनाही रायफलीचें तोंड खालीं हिसका घेतांना सर्वांना दिसतें. ज्यानें तो हिसका एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला त्याला दुसऱ्या कोणत्याही पुराव्याची गरज लागत नाहीं. शंभर यार्डांवर नळी केसभर हलली तर गोळी इंचांनीं सरकते, आणि हा हिसका केसभर नसतो. छातीवर धरलेला नेम पोटावर जातो तो असा.

तर मग सर्वांत हलकें काडतूस घ्यावें आणि स्वस्थ व्हावें, असेंही नाहीं. कारण गोळीला छातीच्या बरगड्या भेदून आंतवर पोंचावें लागतें आणि तेथें पुरेसें काम करावें लागतें. म्हणून कायद्यानें खालची मर्यादा आंखून दिली आहे. इंग्लंड व वेल्समध्यें १९९१ च्या कायद्यानें मोठ्या हरणांसाठीं नळीचा व्यास निदान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशीं गोळीची शक्ति निदान १७०० फूट-पौंड असावी लागते. स्कॉटलंडनें १९८५ सालीं व्यासाऐवजीं गोळीकडे लक्ष दिलें: रेड डिअरसाठीं वजन निदान १०० ग्रेन, वेग सेकंदाला निदान २४५० फूट, आणि शक्ति निदान १७५० फूट-पौंड. पुढें शिशाऐवजीं तांब्याच्या गोळ्या वापरण्याकडे कल वाढला. तांबें शिशाहून हलकें असल्यामुळें त्याच आकाराची गोळी वजनांत कमी भरते. म्हणून २०२३ सालीं वजनाची अट ८० ग्रेनांवर आणली गेली. लहानशा रो हरणासाठीं मात्र तेथें ५० ग्रेनांची गोळी आणि १००० फूट-पौंड शक्ति पुरेशी मानतात.

या कायद्यांत आणखी एक अट आहे, आणि ती ऐकून भारतीय श्रोत्यांना थोडें नवल वाटेल. गोळी आघात होतांच फुलणारीच असली पाहिजे. कलकत्त्याजवळ डमडम येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच मऊ नाकाच्या गोळ्या तयार होऊं लागल्या, आणि त्या गांवाचें नांव सगळ्या जगांत त्या गोळीला चिकटलें. १८९९ सालीं हेग येथील परिषदेनें अशा गोळ्या युद्धांत वापरूं नयेत असें जाहीर केलें. माणसांच्या युद्धांत जी गोळी क्रूर म्हणून निषिद्ध ठरली तीच हरणाच्या शिकारींत दयेची म्हणून सक्तीची झाली. यांत विसंगति दिसते तेवढी नाहीं. कठीण टोंकाची गोळी हरणाच्या अंगांतून आरपार निघून जाते, आपली बरीचशी शक्ति बरोबर घेऊन जाते, आणि मागें एक अरुंद भोंक ठेवते. जनावर लौकर मरत नाहीं. फुलणारी गोळी आंत रुंद होते आणि काम तेथेंच पुरें करते. हलक्या काडतुसाची खरी मदार या गोळीच्या घडणीवर असते.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळावें. .२४३ विंचेस्टर हें १९५५ सालीं निघालें. त्याच्या तीन वर्षें आधीं आलेल्या .३०८ च्या नळकांड्याचा गळा आवळून तें बनविलें. स्कॉटलंडच्या कायद्याच्या अटी तें १०० ग्रेनांच्या गोळीनें पुऱ्या करतें. त्याची शक्ति १९०० फूट-पौंडांच्या वर भरते. धक्का सौम्य असल्यामुळें नवशिका त्यावर लौकर हात बसवितो. त्याला कांहीं लोक पोरांचें काडतूस म्हणून नाक मुरडतात; पण वर्षानुवर्षें डोंगर तुडविणारे कित्येक व्यावसायिक स्टॉकर तेंच वापरतात, हें ते सोयीस्करपणें विसरतात. त्याचे दोषही आहेत. हलक्या गोळीला वारा अधिक ढकलतो, आणि त्या डोंगरांवर वारा नसतो असा दिवस विरळा. शिवाय याच काडतुसांत कोल्ह्यांसाठीं ५५-६० ग्रेनांची पातळ कवचाची गोळीही मिळते. ती हरणाच्या खांद्याच्या हाडावर वरच्यावर फुटते आणि मोठी पण उथळ जखम करते. डबीवरचें नांव तेंच, पण आंतलें काडतूस निराळें. म्हणून डबी विकत घेतांना गोळीचें वजन आणि जात वाचल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

साडेसहा मिलिमीटरचें स्वीडिश काडतूस, म्हणजे साडेसहा गुणिले पंचावन, हें १८९४ सालचें. स्वीडन आणि नॉर्वे यांनीं मिळून तें आपल्या सैन्यांसाठीं ठरविलें. त्याची गोळी लांब आणि सडपातळ असते. त्यामुळें वाऱ्याला ती कमी दबते आणि हाडामांसांतून सरळ खोल जाते. स्वीडनमध्यें मूस नांवाच्या प्रचंड हरणाची शिकारही याच काडतुसानें पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. धक्का .२४३ हून थोडा अधिक, पण .३०-०६ च्या मानानें कितीतरी कमी. एकाच काडतुसावर भागवावयाचें असेल तर मध्यम मार्ग म्हणून याच्याकडे बोट दाखवावें लागतें. २००७ सालीं अमेरिकेंत निघालेलें साडेसहा मिलिमीटरचेंच क्रीडमूर काडतूस हेंच काम जवळजवळ तेवढ्याच धक्क्यांत करतें. नवी रायफल घेणाऱ्याला तें अधिक सहज मिळतें एवढेंच.

तिसरें, सात मिलिमीटरचें माउझर काडतूस. तें १८९२ च्या सुमारास जर्मनींत जन्मलें आणि १८९३ सालीं स्पेनच्या सैन्यानें स्वीकारलें. लंडनच्या रिग्बी कंपनीनें त्याचें .२७५ असें इंग्रजी बारसें केलें. नांवें दोन, काडतूस एक. या काडतुसाशीं भारतीय वाचकाची ओळख जुनी आहे. १९०७ सालीं चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा वध केल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनीं जिम कॉर्बेटला जी रायफल भेट दिली ती हीच .२७५ रिग्बी. कुमाऊंच्या डोंगरदऱ्यांत ती पुढें अनेक वर्षें त्याच्या खांद्यावर होती. आफ्रिकेंत डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्यानें हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक अशाच लहान व्यासाच्या रायफलींनीं, मुख्यतः या सात मिलिमीटरनें. त्याच्या काळचे इतर शिकारी त्या कामासाठीं खांदा निखळेल अशा जड बंदुका बाळगीत.

मात्र बेलच्या उदाहरणावरून भलताच धडा घेऊं नये. हत्तीच्या कवटीची रचना त्यानें बारकाईनें अभ्यासिली होती, आणि कोणत्या कोनांतून गोळी मेंदूपर्यंत पोंचते हें त्याला पक्कें ठाऊक होतें. लहान काडतुसानें मोठें जनावर मारावें, हा त्याचा उपदेश नव्हे. गोळी कोठें लागते यावर सर्व कांहीं अवलंबून आहे, हा त्याच्या यशाचा अर्थ. हत्ती मारण्याइतकें कौशल्य नसलेल्या माणसानें निदान हरणाच्या छातीवर नेम स्थिर राहील एवढें काडतूस घ्यावें, इतकाच त्याचा व्यवहारांतला निष्कर्ष.

अमेरिकेंतलें एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. तेथें १८९५ सालीं निघालेल्या .३०-३० विंचेस्टरनें आजवर अगणित हरणें मारलीं आहेत, आणि दाट रानांत, जवळच्या अंतरावर, तें आजही उत्तम काम देतें. त्याचा धक्का .२४३ च्या जवळपासच. परंतु त्याची गोळी जड आणि संथ. १७० ग्रेनांच्या गोळीचा वेग सेकंदाला २२०० फूट. म्हणून शक्तीची अट पुरी करूनही स्कॉटलंडच्या वेगाच्या अटींत तें नापास होतें. यावरून एवढेंच समजावयाचें कीं सर्व मुलखांना एकच उत्तर लागू पडत नाहीं. मेनच्या झाडींत साठ यार्डांवर जें काडतूस आदर्श, तें स्कॉटलंडच्या उघड्या उतारावर दीडशें यार्डांवर बेकायदेशीर ठरतें.

काडतुसाखेरीज धक्का कमी करण्याचे इतर उपायही आहेत, आणि ते पुष्कळदां विसरले जातात. डोंगर चढावा लागतो म्हणून लोक हलकी रायफल मागतात. पण .२४३ चेंच काडतूस आठ पौंडांऐवजीं सहा पौंडांच्या रायफलींतून उडविलें तर साडेनवाचा धक्का तेरांच्या घरांत जातो. म्हणजे हलक्या काडतुसाचा सगळा फायदा हलक्या रायफलीनें गिळून टाकला. दस्ता हाताच्या लांबीला जुळणारा हवा. आंखूड दस्ता दुर्बिणीची कड भुंवईवर आणून आदळवितो. दस्त्याच्या टोंकाला मऊ रबराची गादी असली तर तडाख्याचा रेटा होतो. ब्रिटनमध्यें नळीच्या तोंडावर आवाज दाबणारें नळकांडें बसविण्याची प्रथा आतां सर्रास आहे; त्यासाठीं पोलिसांची परवानगी घ्यावी लागे तेव्हांही हरणांच्या शिकारींत तें नित्याचें होतें. त्यानें आवाज उतरतो, वजन पुढें वाढतें, आणि वायूचा झोत आंतच अडल्यामुळें धक्काही कमी होतो. बिचकण्याचें निम्में कारण आवाजांत असतें हें लक्षांत घेतलें म्हणजे या उपायाचें मोल कळतें. याच्या उलट, वायु बाजूंनीं फेंकणारी जाळी धक्का कमी करते खरी, पण आवाज इतका वाढविते कीं एका दारानें घालविलेला शत्रु दुसऱ्या दारानें परत येतो.

तेव्हां निवडीचा क्रम असा असावा. प्रथम कोणतें हरिण आणि किती अंतरावर, हें ठरवावें. नंतर तेथील कायद्याची खालची मर्यादा पाहावी, कारण ती अनुभवांतून आलेली असते. त्या मर्यादेच्या वर जीं काडतुसें उरतात त्यांतलें सर्वांत जोरदार नव्हे, तर ज्यानें पंधरावीस गोळ्या झाडूनही हात शांत राहतो तें निवडावें. ब्रिटनमधील हरणांच्या शिकारीच्या प्रमाणपत्र-परीक्षेंत शंभर मीटरांवर चार इंची वर्तुळांत गोळ्या बसवून दाखवाव्या लागतात. ही कसोटी घरच्या घरीं लावून पाहण्यासारखी आहे. विसाव्या गोळीलाही वर्तुळ सुटलें नाहीं, तर काडतूस जमलें. पांचव्या गोळीनंतरच ठिपके पसरूं लागले, तर त्याहून हलकें घ्यावें. अभिमान मध्यें आणूं नये. स्कॉटलंडमध्यें पाहुण्याला डोंगरावर नेण्यापूर्वीं त्याला लोखंडी हरणाच्या आकृतीवर अथवा निशाणावर गोळी झाडावयास लावण्याची चाल आहे. तेथला स्टॉकर पाहुण्याच्या रायफलीची किंमत विचारीत नाहीं आणि काडतुसाचें नांवही फारसें विचारीत नाहीं; चाप ओढतांना त्याची पापणी मिटते कीं नाहीं, एवढेंच तो निमूटपणें पाहतो.

पुतण्याला पहिल्याच दिवशीं आपली मोठी मॅग्नम रायफल हातीं देणारे काका त्या देशांतही असतात. त्यांच्या मनांत प्रेमच असतें. मुलानें एकदम मर्द व्हावें अशी त्यांची इच्छा असते. पण त्या एका दिवसांत मुलाच्या अंगीं जो बिचकण्याचा रोग शिरतो तो काढावयास पुढें कित्येक महिने लागतात, आणि दरम्यान तो जर डोंगरावर गेला तर त्या प्रेमाची किंमत एखादें हरिण पोटांत गोळी घेऊन फेडतें. हातांत जितकें बळ तितकेंच हत्यार घ्यावें, हें जुनें शहाणपण आहे. जीव घेण्याचा अधिकार ज्यानें स्वतःकडे घेतला त्यानें निदान तो स्थिर हातानें आणि उघड्या डोळ्यांनीं बजावावा. त्यासाठीं बळकट काडतुसापेक्षां पेलणारें काडतूस अधिक उपयोगी पडतें.